एका मुक्कामाच्या आत

दारव्ह्याच्या सुनीतीबाईंकडे एक वाक्य होतं. सात वर्षं वापरून ते अगदी गुळगुळीत झालं होतं, पण त्यानं अजून एकदाही दगा दिला नव्हता. "लंडन का जवळ आहे?" एवढंच ते वाक्य. कमलाकर दिवाळीला येणार का, असं कोणी विचारलं की, लंडन का जवळ आहे? एकदा येऊन चार मुली तरी पाहून जाऊ द्या हो, असं कोणी म्हटलं की, लंडन का जवळ आहे? विचारणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं. उलट त्याच्या चेहऱ्यावर जरा आदरच दिसायचा. ज्यांची मुलं यवतमाळला कारकून नाहीतर अमरावतीला मास्तर होती, ती सणावाराला घरी येऊन बापाशी भांडून जात. सुनीतीबाईंचा मुलगा विलायतेत डॉक्टर होता, आणि तो भांडायलाही येऊ शकत नव्हता.

मागच्या पौषात त्यांचे यजमान यज्ञेश्वर वकील कोर्टातून घरी आले, कोट खुंटीला लावला, पाणी मागितलं आणि सुनीतीबाई पाणी घेऊन येईपर्यंत आरामखुर्चीतच गेले. अंगण माणसांनी भरलं. कमलाकरला तार गेली, पण त्याच्यासाठी थांबायचा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नाही. बोटीनं वीस दिवस लागणाऱ्या मुलासाठी कोण थांबणार? नागपूरच्या पुतण्यानं अग्नी दिला. बायका सुनीतीबाईंच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "काय करील बिचारा, लंडन का जवळ आहे!" त्यांचंच वाक्य त्यांना परत मिळालं, आणि त्या दिवशी त्याचा त्यांना केवढा आधार वाटला. मुलगा आला नाही याचं दुःख नव्हतं का? होतंच. पण येऊ शकला नाही आणि आला नाही, या दोहोंत फरक आहे, आणि त्या फरकावर सुनीतीबाई तग धरून होत्या.

विमान नावाची चीज असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मात्र समजू नका. नागपूरचं वर्तमानपत्र त्या रोज वाचत, जाहिरातींसकट. पण विमान हे मंत्र्यांसाठी, सिनेमातल्या नट्यांसाठी. त्याचा आपल्या घराशी काही संबंध असेल, हा विचार त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. स्वतःची समजूत घालायला माणसाला वकील लावावा लागत नाही, आणि यांच्या घरात तर चाळीस वर्षं वकिलीच चालली होती.

लालीबाईचीसुद्धा त्या वाक्याला संमती होती, आणि तिची संमती सुनीतीबाईंना फार मोलाची वाटायची. लालीबाई जवळच्या तांड्यावरची. रोज सकाळी डोक्यावर दुधाची चरवी घेऊन यायची, हातभर पांढऱ्या बांगड्या वाजवत, आणि फाटकातूनच बोलायला सुरुवात करायची. दोघी साठीच्या आसपासच्या. एक लुगड्याचा पदर सारखा सावरणारी आणि एक ओढणीत तोंड लपवून खो खो हसणारी. ओट्याच्या पायरीच्या वर लालीबाई कधी आली नाही आणि सुनीतीबाईंनी तिला कधी बोलावलं नाही. पण त्या पायरीवर दोघींचा अर्धा तास रोज जायचा, दूध मापायला काही तेवढा वेळ लागत नाही.

लालीबाईचा सासरा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेला. बैल गेले, मीठ आगगाडीनं यायला लागलं, तांडा एका जागी बसला आणि शेती करायला लागला. पण लालीबाईला मैल कळत नसत ते नसतच. ती वाट मुक्कामांत मोजायची. बैलांवरचं ओझं उतरवून, चूल मांडून रात्र काढली की तो एक मुक्काम. कमलाकर बोटीनं गेला त्या वर्षी तिनं वकिलांनाच विचारलं होतं, "किती मुक्काम पडतीन, सायेब?" वकील हसून म्हणाले, "वीस, लालीबाई. सगळे पाण्यावर." लालीबाईनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले. "अगं माय! मंग नाही येत लेकरू. इतक्या वाटेवरून कोनी माघारी येते का?" वकील मोठ्यानं हसले. सुनीतीबाईंना त्या वेळी राग आला, पण पुढं एकेक वर्ष जाऊ लागलं तसं हेच बोलणं त्यांना बरं वाटू लागलं. वीस मुक्काम. मग कसा येणार?

तर असं सगळं नीट चाललेलं असताना दिवाळीनंतर फुलचंद विलायतेहून परत आला.

फुलचंद हा गावातला कापसाचा व्यापारी. जिनिंगची नवी यंत्रं पाहायला गेला होता. जाताना त्यानं कमलाकरचा पत्ता नेला होता, आणि परत आल्यावर कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत तो सुनीतीबाईंकडे आला, हातात कमलाकरनं दिलेली लोकरीची शाल आणि बिस्किटांचा डबा घेऊन. सकाळची वेळ होती. लालीबाई पायरीवर बसलेली होती आणि विलायतेहून आलेला माणूस कसा दिसतो ते पाहायला बसूनच राहिली.

"काकू, तुम्ही हसाल," फुलचंद खुर्चीत बसता बसता म्हणाला. "लंडनहून मुंबईला यायला मला जेवढा वेळ लागला ना, त्याहून जास्त मुंबईहून दारव्ह्याला यायला लागला! मूर्तिजापूरला आपल्या छोट्या गाडीची वाट पाहत बसलो, तर ती कारंज्याला अडकून पडलेली. तिकडे साडेचार हजार मैल! संध्याकाळी लंडनला चहा घेतला अन् दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत दाल-चावल खाल्लं. मी शेजारच्या साहेबाला म्हटलं, अरे, आपण खरंच निघालो होतो ना?"

सुनीतीबाई हसल्या. हसायला हवं होतं म्हणून हसल्या.

"वाटंत मुक्काम किती पडले, शेट?" लालीबाईनं पायरीवरून विचारलं.

"एकही नाही, आजी! दोन ठिकाणी खाली उतरलं, ते तेल भरायला."

"बैलाले पानी पाजाले थांबनं म्हंजे मुक्काम नाही," लालीबाईनं निकाल दिला. आणि मग ती गप्प झाली. लालीबाई गप्प झाली म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असायचं.

फुलचंद मनाचा चांगला माणूस. पण चांगल्या माणसांना कुठं थांबावं ते कळत नाही. "कमलाकर मोठ्या मजेत आहे, काकू, तुम्ही काळजी करू नका. तो मला म्हणाला, आता बोटीनं कोण जातो? उन्हाळ्यात इटलीला जाऊन आला, विमानानंच. चांगला पंधरा दिवस राहिला. फोटो दाखवले मला, पाण्याच्या कारंज्यांचे, देवळांचे. तब्येत काय सुधारली आहे त्याची!"

उन्हाळ्यात. म्हणजे वडिलांना जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. सुनीतीबाईंनी शालीची घडी मोडली, पुन्हा घातली, आणि चहा ठेवते म्हणून त्या आत गेल्या. चुलीसमोर उभ्या राहिल्या, तर चहाचा डबा कुठं आहे ते आठवेना. रोजच्याच जागी होता.

दुसऱ्या दिवशी लालीबाई आली ती हसतच. चरवी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न केला, "बाई, भाकर ठेवली का?"

"कसली भाकर?"

"कमलाकरदादाची."

सुनीतीबाईंना काही कळेना. मग लालीबाईनं पायरीवर नीट मांडी घातली आणि समजावून सांगितलं. बैल घेऊन तांडा चालायचा तेव्हा कोणी ना कोणी मागं राहायचंच. कोणाचा बैल लंगडायचा, कोणाचं लेकरू तापायचं. मागं राहिलेला माणूस एका मुक्कामाच्या आत असेल तर तो आल्यातच जमा. संध्याकाळी त्याच्या नावाची भाकर करून टोपलीखाली झाकून ठेवायची. तो रात्री येवो, पहाटे येवो, त्याला उपाशी निजायची पाळी यायला नको. सकाळपर्यंत नाहीच आला तर ती भाकर बैलाला द्यायची. ठेवणारीनं स्वतः खायची नाही. आणि जो एका मुक्कामापेक्षा लांब असेल, त्याची ठेवायची नाही. त्याला वाटेच्या हवाली करायचं आणि आपण पुढं चालायचं.

"माह्या सासूनं सांगतलं होतं," लालीबाई म्हणाली. "आमी तिले बाटी म्हनतो. आता दादा वीस मुक्कामावर होता तवा गोष्ट अलग होती. मी बी म्हनलं, जाऊ द्या, गेलं लेकरू. पन आता तं एकबी मुक्काम नाही म्हने! म्हंजे मुक्कामाच्या आतच आला ना बाई तो. ठेवा लागते मंग. माह्या घरची तुमाले चालनार नाही, म्हनून सांगून राह्यली. तुमीच तुमच्या हातची ठेवा."

आणि हे सगळं ती इतक्या आनंदानं सांगत होती! डोळे चमकत होते. जणू काही कमलाकर लंडनहून उचलून बोरी अरबला आणून ठेवला होता, सकाळी निघाला की दिवेलागणीला दारात.

"लालीबाई, लंडन लांब आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "साडेचार हजार मैल ऐकलेस ना?"

"मैलाचं मले समजत नाही. वाटंत निजावं नाही लागत ना?"

"नाही."

"मंग कायचं लांब!"

सुनीतीबाईंनी दुधाचा गंज उचलला आणि आत गेल्या. त्या दिवशी पायरीवरचा अर्धा तास झाला नाही.

पण लालीबाई कसली सोडते. रोज सकाळी तोच प्रश्न. भाकर ठेवली का? ती मुद्दाम डिवचत होती असं सुनीतीबाईंना वाटायचं, आणि तिचं हसणं पाहून ते खरंही वाटायचं. रोज त्या "नाही" म्हणत आणि घाईनं गंज उचलून आत जात. कारण प्रश्न खुळा होता, पण त्याच्या तळाशी दुसरा एक प्रश्न होता आणि तो खुळा नव्हता. एका दिवसाचीच वाट असेल तर मुलगा येत का नाही?

शेवटी त्यांनी ठरवलं, की आपणच त्याला सांगून पाहावं. सात वर्षांत त्यांनी मुलाला ये असं कधी लिहिलंच नव्हतं. तब्येत जप, थंडीत बाहेर फिरू नकोस, असंच लिहायच्या. आता त्यांनी स्वच्छ लिहिलं. पौषात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. फुलचंद म्हणतो विमानानं एक दिवस लागतो. चार दिवस ये, मी तुला पाचव्या दिवशी थांब म्हणणार नाही.

पत्र टाकलं आणि सुनीतीबाईंना एकदम हुरूप आला. त्यांनी मागची खोली झाडून घेतली, गादी उन्हात टाकली, वकिलांचं पांढरं उपरणं धुऊन घडी करून ठेवलं, कारण त्याच्याकडे तिथं उपरणं कुठलं असणार? विमलताई, म्हणजे शेजारच्या हेडमास्तरांच्या पत्नी, विचारायला आल्या, "पाहुणे येणार वाटतं?" तेव्हा सुनीतीबाईंनी नुसतं हसून दाखवलं. मूर्तिजापूरहून येणारी गाडी हल्ली किती उशिरा येते, हे त्यांनी स्टेशनवर माणूस पाठवून विचारून घेतलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं नव्या नवरीसारखं वागू नये, इथं तर साठी उलटली होती. पण त्या काही दिवसांत त्यांनी आरशात जेवढं पाहिलं तेवढं वर्षभरात पाहिलं नव्हतं. आपण फार खंगलो तर नाही, मुलगा ओळखेल ना, एवढंच त्यांना बघायचं होतं.

उत्तर आलं ते तारेनं. रजा मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की, विधी व्यवस्थित करा. तारवाला फाटकाबाहेर पडला आणि त्याच वेळी लालीबाई फाटकातून आत आली. विमलताईही तार आली म्हणून घाईघाईनं डोकावल्या होत्या. सुनीतीबाई ओट्यावर तो कागद हातात धरून उभ्या होत्या.

"बाई," लालीबाई चरवी उतरवत म्हणाली, "आज तरी भाकर ठेवली का?"

"चूप बस!" सुनीतीबाई ओरडल्या. एवढ्या मोठ्यानं त्या आयुष्यात कधी ओरडल्या नसतील. "तुझं बैलांचं आणि बाट्यांचं पुराण तुझ्या तांड्यावर सांग! माझा मुलगा काही तुझ्या लंगड्या बैलाबरोबर मागं राहिलेला नाही. समजतं का तुला, लंडन म्हणजे काय ते? उद्यापासून दूध नको मला तुझं. येऊच नकोस!"

लालीबाईचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं एकदा सुनीतीबाईंकडे पाहिलं, एकदा विमलताईंकडे पाहिलं. मग चरवी पुन्हा डोक्यावर घेतली. "बरं बाई," एवढंच म्हणाली आणि फाटक हळूच लोटून गेली. विमलताई फाटकाकडे बघत म्हणाल्या, "या लोकांना फार डोक्यावर चढवू नये." सुनीतीबाईंना ते ऐकून आणखीच वाईट वाटलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सुनीतीबाईंनाच माहीत. गल्लीतल्या गवळ्यानं दूध घातलं, माप टाकलं, निघून गेला. घरात दिवसभर कोणी हसेनासं झालं. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत. सुनीतीबाई ओट्यावर येऊन उभ्या राहत आणि गाड्या संपल्या की आत जात. एकटी बाई स्वयंपाक तरी कसला करणार? दोन पोळ्या लाटायच्या, त्यातली एक उरायची. फुलचंदनं आपली विमानाची गोष्ट गावभर सांगून टाकली होती, दाल-चावलासकट. आता कमलाकर कधी येणार, असं कोणी विचारीनासं झालं. विचारत होते तेव्हा सुनीतीबाई वैतागायच्या. न विचारण्यातलं दुःख त्याहून वाईट निघालं. लोकांना सगळं समजलं होतं आणि लोक समजूतदारपणानं गप्प होते.

श्राद्धाच्या दिवशी नागपूरचा पुतण्या सकाळीच आला. चांगला मुलगा, सगळं मन लावून केलं त्यानं. वकिलांचं उपरणं त्याच्याच खांद्यावर आलं. ब्राह्मण जेवून गेले, पुरुषांची पंगत उठली, आणि बायका माजघरात जेवायला बसल्या. सुनीतीबाई वाढत होत्या. कोणीतरी वकिलांची आठवण काढली, दोघीतिघींनी डोळे पुसले, आणि मग विमलताई सवयीनं, अगदी मायेनं म्हणाल्या, "कमलाकरच्या जिवाला किती लागत असेल हो! पण काय करील, लंडन का जवळ आहे!"

सगळ्या जणी माना हलवायला तयार होत्या. सुनीतीबाईंनीही मान हलवली असती तर जेवणं सुखानं पार पडली असती.

"जवळ आहे," सुनीतीबाई म्हणाल्या.

हातातलं खिरीचं पातेलं त्यांनी खाली ठेवलं.

"जवळच आहे, विमलताई. संध्याकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी मुंबई. वाटेत कुठं झोपावं लागत नाही. मी त्याला ये म्हणून लिहिलं होतं. तो येत नाही."

विमलताई पानाकडे बघत भात कालवत राहिल्या. सुनीतीबाईंना वाटलं होतं की हे वाक्य तोंडातून निघालं तर आपण कोसळून पडू. तसं काही झालं नाही. त्यांनी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर खीर वाढली. थोडी खीर मात्र पानाबाहेर सांडली.

संध्याकाळी पुतण्याला मोटरवर बसवून द्यायला त्या स्वतः स्टँडवर गेल्या. घरात परत एकटं बसायचं जेवढं लांबेल तेवढं बरं. मोटर धूळ उडवत गेली. त्या वळल्या, तर समोर कडुनिंबाच्या पारावर लालीबाई बसलेली. शेजारी रिकामी चरवी. तिची नजर रस्त्यावर होती, सुनीतीबाई दिसल्या तशी ती चपापली आणि उठून उभी राहिली.

"तू इथं काय करतेस?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"काई नाही. नेरची मोटर येऊन राह्यली आता. ते पाहून जातो."

"कोणी यायचं आहे?"

लालीबाईनं ओढणी पुढं ओढली. "उत्तमसिंग," ती म्हणाली. "माहा लेक. नेरले कापसाच्या जिनात कामाले हाय. तुमी पाहेल नाही त्याले."

एवढी वर्षं रोज अर्धा तास बोलणारी बाई, आणि तिला मुलगा आहे हे सुनीतीबाईंना माहीत नव्हतं! मुली तेवढ्या माहीत होत्या. आपण कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. सगळं बोलणं कमलाकरचंच असायचं.

"नेर किती लांब गं?"

"मोटरीत बसलं का उतरलं. पायी निघालं तरी दिवसाची वाट हाय," लालीबाई म्हणाली. "लगीन झालं अन् गेला. कमलाकरदादा गेला ना, त्याच्या आदल्या साली. मी रोज बाटी ठेवतो त्याची. सकाळी बैलाले देतो. बैल चांगला माजला बाप्पा!" ती हसली, पण ओढणीत तोंड न लपवता, आणि ते हसू बघवलं नाही.

"भांडण झालं होतं का?"

"भांडन असतं तं बरं होतं. जाऊन समजूत काडली असती. काई नाही झालं. येत नाही, बस."

नेरची मोटर आली. टपावरून कोणाची तरी पेटी उतरली, एक बाई लेकराला घेऊन उतरली, दोन पागोटेवाले उतरले. लालीबाई मान उंच करून प्रत्येक तोंड पाहत होती. मग कंडक्टरनं दार आपटलं.

"बाई, मी तुमाले चिडवाले नोती म्हनत," लालीबाई मोटरीकडेच बघत म्हणाली. "तुमचा लेक वीस मुक्कामावर होता. तुमाले आस सोडता येत होती. मले नोती सोडता येत. माहा तं जवळच होता ना. त्या दिवशी फुलचंद शेट म्हने, एकबी मुक्काम नाही. मले वाटलं, आता आपन दोघी सारक्या झालो. मले लय बरं वाटलं बाई. म्हनून रोज पुसत होती."

सुनीतीबाईंना रडूच कोसळलं. भर स्टँडवर, चार लोकांदेखत, वकिलांच्या घरची बाई. तारेच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, श्राद्धाला रडल्या नव्हत्या. लालीबाई घाबरली, इकडंतिकडं बघायला लागली, आणि मग तिनं चरवी पारावर ठेवली आणि सुनीतीबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. शिवाशिवीचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

"उद्या दूध आण," सुनीतीबाई नाक पुसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालीबाई आली. फाटक वाजलं, बांगड्या वाजल्या, पण बोलणं ऐकू आलं नाही. पायरीवर चरवी ठेवून ती माप काढू लागली.

"आज विचारलं नाहीस," सुनीतीबाई म्हणाल्या.

लालीबाईनं वर पाहिलं. सुनीतीबाई विचार म्हणतात की रागावतात याचा तिला अंदाज येईना. "ठेवली का?" तिनं बिचकत विचारलं.

"ठेवली." सुनीतीबाई आत गेल्या आणि टोपलीसकट झाकलेलं ताट घेऊन आल्या. टोपली उचलली. ताटात ज्वारीच्या दोन भाकरी होत्या, रात्रभर राहून कडा वाळलेल्या.

"दोन कायले? दादाच्या खान्यात दोन हायेत का?"

"त्याची एकच." सुनीतीबाईंनी ताट पायरीवर ठेवलं आणि आज पहिल्यांदाच त्या स्वतः खाली येऊन लालीबाईशेजारी पायरीवर बसल्या. "दुसरी उत्तमसिंगची. नेरहून शेवटच्या मोटरनं आला आणि तांड्यावर जायला अंधार पडला, तर मुक्काम कुठं करील तो?"

लालीबाईनं चरवी उचलली आणि ती गंजात दूध ओतायला लागली. माप भरलं, रोजचं झालं, त्याच्याही वर गेलं, तरी तिचा हात थांबेना. दूध पायरीवरून खाली वाहायला लागलं. सुनीतीबाईंनी तिला थांबवलं नाही.